चार नंबरच्या टेबलावर राहिलेलं बोलणं

दुपारी जेवून आडवी झाले आणि डोळा लागला, की मी अजून हॉलमध्येच असते. तापीकडच्या खिडक्यांचे हिरवे पडदे वाऱ्यानं फुगलेले असतात. त्यातून येणारा उजेड पाण्याखालच्यासारखा वाटतो. टेबलांवर माणसं जेवत असतात. त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत, हात तेवढे दिसतात. वाटीकडे जाणारा हात, भाकरी मोडणारा हात, पाण्याचा ग्लास उगाच फिरवत बसलेला हात. मी भिंतीशी उभी असते आणि कोणाला काय हवंय ते मला कळत असतं. मग बाहेर भाजीवाला ओरडतो, मी उठते, पदर सारखा करते आणि ड्यूटी आहे असं समजून चपला शोधायला लागते. निवृत्त झाले तरी हे सुटत नाही.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. बऱ्हाणपूर जिथे संपतं आणि केळीच्या बागा सुरू होतात तिथे, रस्त्याच्या कडेला, दोन मजली. खाली पार्ट्यांचा हॉल, वर फॅमिली हॉल. वरच्या मजल्यावरून एका बाजूला केळी आणि केळीच्या पलीकडे तापीची चकाकती रेघ दिसायची. दुसऱ्या बाजूला पॉवरलूमचे शेड. त्यांची खटखट दिवसभर चालू. आम्हाला ती ऐकू यायची बंद झाली होती.

मी तिथे लागले ती मालकीणबाईंमुळे. त्यांचं म्हणणं होतं की फॅमिली हॉलमध्ये बाई पाहिजे, कारण पुरुष वेटरला अजून एक पोळी मागायला बायका लाजतात आणि अर्धपोटी उठतात. ते खरं होतं. माझे मिस्टर कापडाच्या दुकानात होते, त्यांना यात काही गैर वाटलं नाही. नातेवाइकांना वाटलं. ते चारचौघांत 'नलू मॅनेजमेंटला आहे' असं सांगायचे. मी वाढायची, वाढणाऱ्यांवर लक्ष ठेवायची आणि जेवणाऱ्यांकडे बघायची. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हॉटेलातलं जेवण बिघडतं ते मिठानं नाहीतर तिखटानं. भाजी खारट झाली तर माणूस परत पाठवतो, दुसरी येते, विषय संपतो. खरं जेवण बिघडतं ते देणाऱ्याच्या नजरेनं, नाहीतर त्याच्या येण्याजाण्यानं. एकदा धूलकोटहून एक कुटुंब आलं होतं. मुलीला कुठलीशी नोकरी लागली होती. सगळ्यांनी नवे कपडे घातलेले, म्हाताऱ्या आजोबांच्या फेट्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्या दिवशी नवीन लागलेल्या वेटरनं बाजूच्या टेबलाला विचारलं, "बाटलीचं पाणी आणू?" आणि यांच्याकडे येऊन, आजोबांच्या पायांकडे बघून म्हणाला, "साधं पाणी चालेल ना?" बस, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. पण मुलीनं वाचायला घेतलेलं मेन्यूकार्ड मिटलं. आजोबा म्हणाले, "दाल-चावल आणा सगळ्यांना." मी नंतर जाऊन गोड बोलले, शेवभाजी आणू का विचारलं, पण ते जेवण काही वर आलं नाही.

तऱ्हेवाईक माणसंही पुष्कळ पाहिली. साड्यांचे एक व्यापारी होते, ते पहिली रोटी कच्ची म्हणून परत पाठवायचेच. रोटी कशीही असो. शेवटी मी तीच रोटी आत नेऊन, जरा थांबून, नव्या ताटलीत घालून आणायला लागले. ते तुकडा मोडून म्हणायचे, "आता कशी आली." एक जोडपं भांडण झालं की आमच्याकडे जेवायला यायचं आणि माझ्यामार्फत बोलायचं. ती म्हणायची, "ताई, यांना विचारा, ताक घेणार का." तो म्हणायचा, "ताई, सांगा, घेतलं असतं." भात येईपर्यंत मी मध्ये लागायची, नंतर माझी गरज संपायची. मग मी दूर व्हायची. कधी दूर व्हायचं, याच्यावर आमचा धंदा चालतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. बोरसे काकांचं.

त्याआधी सौरभबद्दल सांगायला हवं. मालकांचं वय झालं तेव्हा त्यांनी इंदूरहून एक मॅनेजर आणला. सौरभ. मराठी घरातला, पण बोलणं निम्मं हिंदी. हुशार, कष्टाळू, आणि त्यानं हॉटेल सावरलं, हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचून त्याच्यावर अन्याय होईल. तो येण्याआधी आमच्याकडे एकेक माणूस चटणीसाठी ताटकळत बसायचा. सौरभनं प्रत्येक वेटरच्या हातात टॅब दिला. ऑर्डर थेट किचनमध्ये जायची. टेबलाकडे कोणी वेळेत गेलं नाही की टॅबवर ते टेबल लाल व्हायचं, जाऊन आलं की हिरवं. गोड विचारलं का, ताट उचललं का, अभिप्राय घेतला का, सगळ्याची आठवण ते मशीन द्यायचं. तक्रारी कमी झाल्या, गर्दी वाढली. मलाही वाटलं, बरं झालं.

अशात एका दुपारी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर, एक उंच, वाकलेले गृहस्थ जिना चढून वर आले. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. ते जेवायला आले नव्हते. त्यांनी सगळ्या हॉलमधून एक फेरी मारली, प्रत्येक खिडकीशी थांबले आणि मग खिडकीजवळच्या चार नंबरच्या टेबलावर हात ठेवून मला म्हणाले, "ताई, हे उद्या दुपारी मिळेल का? इथं गडबड नसते ना?"

मी म्हटलं मिळेल. पाणी दिलं. ते बसले, पण बोलेनात. मी जायला वळले तेव्हा बोलायला लागले. पुढेही त्यांचं असंच पाहिलं, समोरचा माणूस थोडा बाजूला झाला की त्यांना शब्द सुचायचे.

नाव वसंतराव बोरसे. मूळचे जळगावकडचे, आयुष्य इथून जवळच्या कागद कारखान्यात गेलेलं, अजून तिथल्याच वसाहतीत राहत होते. बायको आधीच गेलेली. एकुलता मुलगा नितीन, त्याला काविळीचं दुखणं झालं आणि तो गेला. घरात उरले हे आणि सून अर्चना. ती तिथल्याच शाळेत शिकवायची. सासरा आणि सून, दोघंच, कित्येक वर्षं एका घरात. आता बहादरपूरच्या एका चांगल्या माणसानं, हेमंतनं, अर्चनाला मागणी घातली होती. त्याची केळीची बाग होती. आईच्या आजारपणात त्याचं लग्न राहून गेलं होतं. अर्चनाची आणि त्याची ओळख शाळेच्याच कुठल्या कामात झालेली. आई बरी झाली होती आणि तिचीही ना नव्हती. फक्त तिची एक अट होती. मुलीला सासऱ्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणून पाठवलं पाहिजे. कोणाचं मन दुखवून आणलेली सून घरात नको.

"माझी ना नाहीच," बोरसे काका म्हणाले. "मीच मागे लागलो तिच्या. पण मला बोलता येत नाही, ताई. कागदाच्या मशीनवर होतो. तिथं एवढा आवाज, की सगळं हातानं खुणावून चालायचं. घरी आल्यावर बायको बोलायची, मी ऐकायचो. उद्या मात्र बोलायचंय. घरात जमेना, तिथं नितीनचा फोटो आहे समोर. म्हणून म्हटलं, बाहेर कुठंतरी बसू."

मी म्हटलं, "काका, निवांत या. मी बघते." त्यांनी भरीत, शेवभाजी आणि शेवटी मावा जलेबी ठरवून दिली आणि पॅसेंजर पकडायला गेले. खिडकीतून पाहिलं तर ते केळीच्या बागेच्या कडेनं एकटेच ओठ हलवत चालले होते.

दुसऱ्या दिवशी खालच्या हॉलमध्ये एका बँकेची मोठी पार्टी अचानक वाढली आणि सौरभनं मला खाली पाठवलं. मी वरच्या कैलासला सांगून गेले, "चार नंबरला जपून." कैलास फोपनारचा, माझ्याच बरोबरीनं लागलेला, हाताचा अगदी मऊ वाढपी. त्यानं मान हलवली. पण त्याच्याही हातात टॅब होता.

पुढचं मला थोडं कैलासनं सांगितलं, थोडं अर्चनानं. चौघं बसली. हेमंत, त्याची आई मंदाबाई, अर्चना आणि काका. पाणी आलं, लोणचं आलं. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "अर्चना आमच्याकडे आली तेव्हा..." आणि कैलास येऊन उभा राहिला. "सर, भाकरी आणू की बटर रोटी?" चौघांनी वर पाहिलं. ठरवाठरवी झाली. काका गप्प झाले.

भरीत आलं. मंदाबाईंनी चांगलं झालंय म्हटलं. काकांनी पुन्हा हात पुसले, पुन्हा सुरुवात केली. टॅब लाल झाला असणार. "सर, सगळं ठीक आहे ना? टेस्ट कशी आहे?" ठीक आहे, ठीक आहे. तिसऱ्यांदा बोलायला लागले तर सहा नंबरला कोणाचा तरी वाढदिवस निघाला. हॉलचे पडदे ओढले, भोंग्यावर गाणं लागलं, सगळे वेटर टाळ्या वाजवत केक घेऊन गेले. अर्चना म्हणाली, त्या गोंगाटात बाबांनी हेमंतकडे बघून हातानं काहीतरी खूण केली. आधी छातीवर हात, मग तो हात पुढे. कारखान्यात त्या खुणेचा काही अर्थ असेल. हेमंतला तो कळला नाही. मंदाबाईंना वाटलं, छातीत दुखतंय, म्हणून त्यांनी पाणी पुढे केलं.

गाणं संपलं तेव्हा काकांच्या ताटात अर्धी भाकरी होती. तिच्यावर हात ठेवून ते थांबले होते. कैलासनं विचारलं, "सर, उचलू?" आणि काकांनी, माणसाला नाही म्हणायची सवय नसते तशी, मान हलवली. ताट गेलं. जलेबी आली, तिच्यामागे बिलाचं पाकीट, बडीशेप आणि अभिप्रायासाठी टॅब. बाहेर लोक टेबलासाठी थांबलेले होते. मंदाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चल हेमंत, झालं."

खालची पार्टी आवरून मी वर आले तेव्हा चार नंबरवर दुसरीच माणसं बसली होती. हात धुवायच्या बेसिनशी एक बाई नळ सोडून उभी होती. साधी सुती साडी, केसांची घट्ट वेणी. हात केव्हाच धुऊन झाले होते, ती पाण्याखाली ते धरून होती. मला पाहून तिनं नळ बंद केला.

"टॉवेल देऊ?" मी विचारलं.

"नको." मग ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडे एवढी घाई का असते?"

मी विचारलं, कुठलं टेबल. तिनं खिडकीकडे बोट केलं. चार नंबर.

"आमचे बाबा एक शब्द बोलले नाहीत," अर्चना म्हणाली. "त्यांना सोडायला गेले तर जिन्यात हेमंतच्या आई मला म्हणाल्या, पोरी, तुझ्या सासऱ्याच्या मनात नाही, आम्हाला जबरदस्ती करायची नाही. खरंच नसेल त्यांच्या मनात. मला लग्न कर म्हणतात, पण माझ्याकडे बघत नाहीत म्हणताना. मी गेल्यावर त्यांचं कोण आहे? मीच नाही म्हणून कळवते. बरंच झालं."

ती रडत नव्हती. शाळेत बाई मुलांना गणित चुकलं म्हणून सांगतात तशा आवाजात सांगत होती. ग्राहकानं विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा नियम. पण त्या वेळी मी तो बाजूला ठेवला.

"काल दुपारी तुमचे बाबा इथे आले होते," मी म्हटलं. "एकटे. टेबल बघायला."

"काल? काल ते बँकेत गेले होते."

"सगळ्या खिडक्यांशी उभे राहून त्यांनी ते टेबल निवडलं. भरीत त्यांनी सांगितलं, जलेबी त्यांनी सांगितली. घरात फोटोसमोर बोलता येत नाही म्हणाले. तुमच्याच मागे लागून त्यांनी हे जुळवलं म्हणाले. त्यांना बोलायचं होतं, ताई. आमच्या लोकांनी बोलू दिलं नाही."

अर्चनानं ओले हात पदरात गुंडाळले आणि ती जिना उतरून गेली. मी खिडकीतून पाहिलं. बोरसे काका रस्त्याच्या पलीकडे, केळीच्या सावलीत, पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसले होते. ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली. दोघं बराच वेळ तशीच बसली होती. वाऱ्यानं केळीची फाटलेली पानं त्यांच्यावर हलत होती. मला वाटलं, बोलतील. पण स्टेशनकडे जाणारी रिक्षा आली आणि ती दोघं गेली.

मी सौरभकडे गेले. त्यानं ऐकून घेतलं, आणि मशीन उघडून चार नंबर काढलं. "ताई, देखो ना. सगळं हिरवं आहे. एकदाही लेट नाही. मी कैलासला काय बोलू?"

"कैलासला काही बोलू नका," मी म्हटलं. "त्यानं तुम्ही सांगितलं तेच केलं."

सौरभ त्या हिरव्या चौकोनाकडे बघत बसला. मला वाटलं, आता तो हॉटेल कसं चालतं ते मला समजावेल. तो म्हणाला, "माझ्या बहिणीचं लग्न असंच एका जेवणात मोडलं होतं. कारण वेगळं होतं." आणि मशीन बंद करून, "ताई, वापस बुलाते हैं ना. मोटरसायकल आहे माझी. बहादरपूर कितीसं लांब आहे?"

हॉटेलवाले ग्राहकाच्या घरी जात नाहीत. जाऊही नये, खरं तर. पण आम्ही गेलो. सौरभच्या मागे मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, दोन्हीकडे केळीच्या भिंती, मध्ये ओलसर सावलीचा बोळ. मला त्या रस्त्याची नंतर कितीदा तरी आठवण आली आहे. वाटलं होतं, हा रस्ता संपूच नये, म्हणजे त्या बाईंना तोंड द्यावं लागणार नाही.

मंदाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हॉटेलवाले घरी येतात, हे पहिल्यांदाच पाहून राहिले मी."

मी सगळं सांगितलं. आदल्या दिवशीचं काकांचं येणं, टेबल निवडणं. सौरभनं हात जोडले. "आंटी, ते बोलत होते. हमने बोलने नहीं दिया."

"ते ठीक आहे," मंदाबाई म्हणाल्या. "पण ज्याला बोलायचं असतं तो जिन्यातही बोलतो, रस्त्यावरही बोलतो. वेटर काही तोंडावर हात ठेवून उभा नव्हता."

त्यांचं बरोबरच होतं. आम्ही उभेच होतो. मागच्या ओसरीवरून हेमंत पुढे आला. शांत, रापलेला माणूस. तो आईला म्हणाला, "आई, निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला होता. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तरी सोडून नाही राहिले. मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, म्हातारपणानं धरला असेल."

मंदाबाई पापड पालथे करत राहिल्या. ओळ संपल्यावर म्हणाल्या, "येईन. पण ते गाणं बंद ठेवा."

कागद कारखान्याच्या वसाहतीत निरोप हेमंतनंच नेला. पुढच्या आठवड्यात एका दुपारी चौघं पुन्हा आली. तेच टेबल. या वेळी मी वाढणार होते आणि खाली कुठलीही पार्टी आली तरी जाणार नव्हते. कैलासनं आपणहून आतून ताटं लावून दिली. मी एकदाच सगळं नेऊन ठेवलं, भाकऱ्या कापडात गुंडाळून, पाण्याचा तांब्या भरून, वाढायला लागेल ते सगळं त्यांच्या हाताशी. मग भिंतीशी जाऊन उभी राहिले.

जेवण सुरू झालं. पावसाबद्दल बोलणं झालं, केळीच्या रोगाबद्दल झालं. काका जेवत होते. त्यांची भाजी संपली तरी मी गेले नाही. अर्चनानं वाढली. पडद्यातून हिरवा उजेड येत होता आणि तो टेबलावरून सरकत सरकत ताटांपर्यंत आला. बाकी हॉलमध्ये लोक येत होते, जात होते, चमचे वाजत होते, आणि चार नंबर मात्र नदीतल्या बेटासारखं वाटत होतं. काका काही बोलत नव्हते. मंदाबाईंचा चेहरा पुन्हा आवळत चालला होता. मला वाटलं, हेही जेवण असंच संपणार.

आणि लाईट गेली.

पंखे मंदावले. शेडमधले लूम थांबले. ती खटखट थांबली तेव्हा कळलं की ती किती होती. सगळ्या भागात एकदम शांतता पसरली. दूरवर तापीवर कोणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज वर आला. आमच्याकडे लाईट गेली की जनरेटर लगेच चालू व्हायचा, आणि तो नेमका चार नंबरच्या खिडकीखाली होता. मी वळून पाहिलं. सौरभ काउंटरवरून उठला होता. त्यानं खाली जाणाऱ्या माणसाला दंडाला धरून थांबवलं. बाकी टेबलांवरचे लोक मेन्यूकार्डानं वारा घ्यायला लागले. कोणीतरी म्हणालं, "अरे भई, जनरेटर?" सौरभ हळू आवाजात म्हणाला, "दो मिनट, सर." ती त्याची दोन मिनिटं बरीच लांबली.

काका बोलायला लागले. कोणाकडे न बघता, ताटाकडे बघून.

"हिला सकाळी उठल्या उठल्या बोललेलं आवडत नाही. चहा होईपर्यंत थांबायचं," ते हेमंतला म्हणाले. "ताप आला तर सांगत नाही. कपाळाला हात लावून बघावं लागतं. वह्या तपासताना जेवायचं विसरते. आणि घरात कोणी आजारी असलं, की ही रात्री बसून राहते. नितीनच्या वेळी बसली. माझ्या वेळीही बसली."

ते थांबले. कोणी मध्ये बोललं नाही.

"मुलगा गेला तेव्हा लोक म्हणाले, तिला माहेरी पाठवा. ही म्हणाली, बाबा काय खातील? तेव्हापासून रोज विचारते, बाबा, काय करू आज? तिला काय हवं ते मी कधी विचारलं नाही. मला सुचलंच नाही." त्यांनी पहिल्यांदा अर्चनाकडे पाहिलं. "आता विचारलं. ती म्हणाली, हेमंतराव. मग माझी ना कशी असेल? मी तिला सून म्हणून नाही पाठवून राहिलो. माझी मुलगी आहे. तिला नीट ठेवा एवढं सांगायचं होतं. बाकी काही नाही."

अर्चना डोळ्यांना पदर लावून बसली होती. हेमंतनं मान वाकवली. मी भिंतीशी होते आणि मला समोरचं धूसर दिसत होतं, सगळा हॉल पाण्यात बुडाल्यासारखा.

मंदाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग विचारलं, "आणि ही आल्यावर तुम्ही काय खाणार?"

या प्रश्नाची काकांनी तयारीच केली नव्हती. "डबा लावीन," ते म्हणाले.

"डबा," मंदाबाई म्हणाल्या, जणू त्या शब्दाची चव बघत होत्या. आणि त्यांनी कापडातली शेवटची भाकरी काढून, अर्धी मोडून, त्यांच्या ताटात वाढली.

लग्न साधंच झालं, देवळात. मला बोलावणं होतं. सौरभ आला, कैलासही आला. पुढे सौरभनं टॅब ठेवले, पण वाढदिवसाचं गाणं खालच्या हॉलपुरतं केलं, आणि कुठल्या टेबलाकडे जायचं नाही हे वेटरनं ठरवावं, असं सांगितलं. त्यावरून मालकांशी त्याची खटकाखटकी झाली. तो आता इंदूरला परत गेला आहे. धूलकोटच्या त्या मुलीला मात्र कोणी परत बोलावलं नाही. तिचं गावाशिवाय काही माहीत नव्हतं. ती पुन्हा कधी हॉटेलात गेली असेल का, हा विचार माझ्या मनात येतो.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या हिवाळ्यात अर्चनाचा फोन आला, रविवारी बहादरपूरला जेवायला या. गेले. बोरसे काका आधीच आलेले होते. वसाहतीतलं घर त्यांनी सोडलं नाही, पण शनिवारी संध्याकाळी ते इकडे येतात आणि सोमवारच्या गाडीनं परततात. सोमवारपासूनचा डबा मंदाबाई बरोबर देतात. तो पुरतो तेवढे दिवस पुरतो, मग अर्चना शाळेतून त्यांच्याकडे जाते.

ओसरीवर पंगत मांडली होती. मंदाबाई वाढायला होत्या, आणि आमच्या धंद्याच्या हिशेबानं बघितलं तर इतकं वाईट वाढणं मी जन्मात पाहिलेलं नाही. माझा घास तोंडात असताना त्या विचारत होत्या. नको म्हटलं की वाढत होत्या. ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून आमटी सोडत होत्या. भाजी गोडाच्या वाटीत गेली. हेमंत काही सांगत होता, ते त्यांनी मध्येच तोडून मला विचारलं की कळण्याची भाकरी आवडते ना. काका बोलत असताना तर त्या सरळ त्यांच्या ताटात वाकून तूप ओतत होत्या, आणि काका तुपाच्या धारेखालून बोलतच होते. कारखान्यातली कसलीशी गंमत होती, ओला कागद फाटल्यावर सगळे कसे धावायचे त्याची. मध्येच हसत होते. थांबत नव्हते.

मी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं. स्वतः बसून जेवायची फारशी सवय नाही, दोनदा उठायला गेले. अर्चनानं खांद्यावर हात ठेवून बसवलं. जेवणं झाली. ताटं तशीच समोर होती, कोणी उचलायला आलं नाही. उन्हं अंगणातून केळीच्या बागेत उतरली, खरकटे हात वाळून कडक झाले, आणि काकांची गोष्ट अजून चालूच होती.